बापूंच्या कचेरीत तुला

लाकडाच्या वखारीतला तो अगडबंब तराजू कचेरीच्या दारातून आत जाईना, आणि शशिकांत तो आत घातल्याशिवाय हटेना. दांडी आडवी धरली तर चौकटीला अडत होती, उभी धरली तर वरच्या काचेला भिडत होती. ऐन अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, स्वयंपाकघरात आंबे पिळायचं काम चाललेलं असताना, बाहेर हा तमाशा.

"हे काय आणलंत?" राजलक्ष्मी आतून म्हणाली. पदर खोचलेला, हातात ओलं फडकं.

"तराजू."

"ते दिसतंय. माझ्या खोलीत कशाला?"

"तुझ्या?" शशिकांतने बाहीने घाम पुसला. "बापूंची कचेरी म्हण. रविवारी हेरंबमास्तरांची पेढेतुला आहे. रे रोडच्या वखारीतून मागून आणलाय हा. साठीचा माणूस संयुक्त महाराष्ट्रासाठी दोनदा तुरुंगात जाऊन आला. राज्य मिळतंय त्या दिवशी त्याला नाही तोलायचं तर कुणाला?"

"तोला की! पण आज दुपारी इथे बाळं यायची आहेत."

"बाळं काय, दर गुरुवारी येतील. राज्य एकदाच येतं."

राजलक्ष्मीने हातातलं फडकं करकचून पिळलं. हा पीळ शशिकांत सहा वर्षं ओळखून होता. त्याने मुकाट्याने दांडी पारड्यांपासून सोडवली, तराजूचे तुकडे एकेक करून आत नेले आणि झेंड्यांच्या बांबूंशेजारी भिंतीला टेकवून ठेवले.

गिरगावातल्या या वाडीत अजिंक्यांच्या घराची ही एकच खोली रस्त्याकडे तोंड करून होती. शशिकांतचे वडील, वकील बापू, असताना इथे अशील बसायचे. बापू गेल्यावर थोरल्या मनमोहनदादांनी तिला कुलूप घातलं ते नऊ वर्षं. पाडव्याला सगळे जेवायला बसलेले असताना राजलक्ष्मीने भर पंगतीत विचारलं, "दादा, कचेरीची किल्ली द्याल? वाडीतल्या आणि मागच्या चाळीतल्या तान्ह्या बाळांची वजनं घ्यायची आहेत, दर आठवड्याला." दादांच्या तोंडात घास होता. त्यांनी मान हलवली ती होकाराची की घास गिळण्याची, यावर घरात अजून दोन मतं होती. पण किल्ली मिळाली. पाठोपाठ शशिकांतने अर्ध्या खोलीत पताका आणि कंदील आणून टाकले, आणि नवरा-बायकोत सीमाप्रश्न सुरू झाला.

आरोग्य खात्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "गुरुवारी चार वाजता मी बघायला येते. वहीत वीस बाळांची नोंद दिसली, तर दर आठवड्याला येईन, औषधं आणेन, दुधाची पावडर आणेन. नाही दिसली तर दुसरी वस्ती वाट बघतेय. मलाही हात दोनच आहेत."

वीस बाळं. राजलक्ष्मीने बोटांवर मोजून ठेवली होती. वाडीत नऊ, मागच्या चाळीत सतरा. जमायला काहीच हरकत नव्हती.

जेवणं झाली. पितरांच्या नावाने पाण्याचा घट देऊन झाला. नणंद नलू दादरहून आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन सकाळीच आली होती. बाळ असं गुटगुटीत की त्याच्या मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी पडत होती. "वहिनी, पहिलं वजन माझ्या बंड्याचं हं!" नलू स्वतः म्हणाली. "घरच्या मुलीने सुरुवात केली की बाकीच्या येतील."

दोन वाजता अंगणात बायका जमल्या. कुणी कडेवर, कुणी खांद्यावर, कुणी झोळीत बाळ घेऊन. टेबलावर तबकडीचा चकचकीत काटा. काट्याशी वाडीच्या दुसऱ्या टोकाची जर्ट्रूड बाप्टिस्ट. तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. वाडीतल्या निम्म्या पोरांचं पहिलं रडणं तिनेच ऐकलेलं. आणि दाराशेजारी फळा. राजलक्ष्मी लग्नाआधी शाळेत शिकवत असे, त्यामुळे फळ्याशिवाय तिचं पान हलत नसे. फळ्यावर तिने वळणदार अक्षरात रकाने आखले होते: बाळाचं नाव, आईचं नाव, वजन. दर आठवड्याला आकडा वाढलेला दिसला की आया हरखतील, असा तिचा हिशेब होता.

नलूने बंड्याला काट्यावर ठेवलं. काटा थरथरला, थांबला. आणि जर्ट्रूडने इस्पितळाच्या सवयीने खणखणीत आवाजात पुकारलं, "एकवीस पौंड!"

राजलक्ष्मीने फळ्यावर लिहिलं. एकवीस.

एका म्हातारीने "अगं बाई, एकवीस!" म्हणून हनुवटीला हात लावला. नलूचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बंड्याला उचललं, पदराखाली घेतलं आणि ती तडक घरात गेली. पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. कुणी भांडलं नाही. "चुलीवर दूध ठेवलंय," "सासूबाई हाक मारतायत," असं म्हणत एकेक बाई निघून गेली. फळ्यावर एकच ओळ उरली.

"अगो, पण वजन चांगला हाय पोराचा!" जर्ट्रूड गोंधळून म्हणाली. "मी काय वाईट बोलली?"

आत स्वयंपाकघरात थोरल्या यशोदावहिनी मीठ-मोहऱ्या घेऊन सज्जच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीच्या आडून 'मी म्हटलंच होतं' हेही डोकावत होतं. स्वतःला मूल नसलेल्या या बाईने घरातल्या सगळ्या मुलांच्या दृष्टी काढल्या होत्या, आणि त्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

"अख्ख्या वाडीसमोर आकडा ओरडतात का गं कुणी?" नलू रडवेली झाली होती. "वर फळ्यावर! येणारा-जाणारा वाचेल! माझी सासू ऐकेल तर मला माहेरी पाठवायची नाही."

"मी किल्ली दिली ती वजनं घ्यायला," मनमोहनदादा दारातून म्हणाले. "दवंडी पिटायला नव्हे."

"तुम्ही किल्ली दिलीत की घास गिळलात?" शशिकांत म्हणाला. तसं पाहिलं तर सकाळी त्याने बायकोशी भांडण काढलं होतं. पण दादा तिला बोलले की तो तिच्या बाजूने उभा राही, हा घरातला जुना रिवाज होता.

"तू गप्प बस. राज्य आणायला निघालायस, बायकोला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगता येत नाहीत."

यशोदावहिनींनी बंड्यावरून मूठ फिरवली. एकदा, दोनदा. राजलक्ष्मी उंबऱ्यात उभी राहून ती मूठ बघत होती. तिसऱ्यांदा फिरली तेव्हा ती बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"रंजनवरूनही तुम्ही अशीच काढत होता, वहिनी. रोज. संध्याकाळी दिवा लावला की."

यशोदाबाईंचा हात थांबला.

"तो बारीक होत होता, आपण म्हणत होतो दात येतायत. हे निवडणुकीच्या सभांना जात होते, दादा कस्टमच्या ऑफिसात, घरी मी आणि तुम्ही दोघीच. रोज दृष्ट काढली. प्रेमानेच काढली. पण तो दर आठवड्याला किती कमी होतोय, हे मोजलं कुणी? मीही नाही मोजलं. मोजलं असतं तर..." ती थांबली. "मला फक्त एवढंच करायचं होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं होऊ नये. बाकी काही नाही."

राजलक्ष्मीचा रंजन गेला त्याला तीन वर्षं झाली होती; तेव्हापासून त्याचं नाव त्या घरात कुणी काढलं नव्हतं. शशिकांत खाली बघत राहिला. नलूने डोळे पुसले. जर्ट्रूड दाराशी येऊन उभी होती, तिने हळूच छातीवर क्रूस केला.

यशोदाबाईंनी मूठ चुलीत टाकली. मोहऱ्या तडतडल्या. आपल्या हाताने त्या पोराचं काही वाईट झालं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण आपल्या हाताने काही झालंही नाही, हे मात्र आज पहिल्यांदाच त्यांच्यासमोर कुणी ठेवलं होतं. राग यायला हवा होता, तो येईना. उलट या धाकट्या जावेला जवळ घ्यावंसं वाटलं. तेही जमेना, कारण तशी सवय नव्हती. त्यांना एकच गोष्ट जमत असे, ती म्हणजे काम काढणं.

"शशी," त्या म्हणाल्या, "तो तुझा तराजू लागतो कसा?"

"का?"

"माझ्या भावाला लहानपणी देवी आल्या होत्या. बरा झाला तेव्हा आईने त्याची नारळांनी तुला केली. अख्खा गाव बघायला आला होता. लागली का त्याला कुणाची दृष्ट? तुलेला दृष्ट लागत नाही. तुला केली की ते वजन देवाचं. आकडा बोलायचा नाही, लिहायचा नाही. आणि आज अक्षय्य तृतीया. याहून चांगला दिवस कुठला?"

राजलक्ष्मीच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "वहिनी! पण मग वजन कळणार कसं?"

"ते जर्ट्रूडला विचार. तिचा तो ओरडणारा काटा पडद्याआड ठेव. तुला झाली की पारड्यातले तांदूळ आत द्यायचे, तिने तांदूळ तोलायचे. आणि तोंड बंद ठेवायचं."

"मी ओठ शिवून बसते," जर्ट्रूड म्हणाली. "पण तांदूळ केवढा लागंल गो? वीस पोरं, पंधरा-पंधरा पौंड. रेशनवाला येडा होईल!"

"एकच पोतं. तेच परत पारड्यात."

"छे!" मनमोहनदादा लगेच म्हणाले. "एकदा तोललेलं धान्य दानाचं झालं. ते दुसऱ्याच्या पारड्यात कसं घालता येईल?"

यशोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "सगळ्या बाळांची मिळून तुला एकच. शेवटचं बाळ उतरलं की पुरी होणार. मग दान. यात काही चुकतंय का?"

दादा विचारात पडले. शास्त्रात यावर काही नव्हतं, निदान त्यांना आठवत नव्हतं.

पुढचा अर्धा तास अजिंक्यांच्या घरात जे झालं ते बापूंनी पाहिलं असतं तर त्यांनी पुन्हा वकिली सुरू केली असती. झेंड्यांचे तीन बांबू एकत्र बांधून तिवई उभी राहिली. तिला दांडी टांगली. पारड्यांत पताकांचा केशरी कागद पसरला. दादा लांबून बघत होते, त्यांना राहवेना.

"रिकामी पारडी सारखी कुठे आहेत? डावं खाली जातंय!"

"तेवढं चालतं, दादा. लाकूड तोलायचा आहे तो."

"चालतं म्हणे! तीस वर्षं कस्टममध्ये माल तोललाय मी." त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पुरचुंडीत सात सुपाऱ्या बांधल्या आणि उजव्या पारड्याला पासंग लावला. मग बाळाच्या पारड्यात दुपटं, म्हणून तांदळाच्या पारड्यातही तेवढंच दुपटं. दांडी सरळ झाली तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली. या वेळी तोंडात घास नव्हता.

उरला प्रश्न बायकांचा. त्या परत कशा येणार?

शशिकांतने कोपऱ्यातला समितीचा पत्र्याचा कर्णा उचलला. गेली चार वर्षं हा कर्णा घेऊन तो गिरगावच्या गल्ल्यांतून ओरडला होता. लाठ्या पडत असतानाही त्याचा आवाज कधी चिरकला नव्हता. आता मागच्या चाळीच्या जिन्याखाली उभा राहून त्याने कर्णा तोंडाला लावला आणि घसा दोनदा साफ केला. रंजनला त्याने शेवटचं उचललं होतं ते सभेला निघताना, घाईत, आणि लगेच खाली ठेवलं होतं. ते आठवलं.

"ऐका हो ऐका! अक्षय्य तृतीयेनिमित्त अजिंक्यांच्या घरी तान्ह्या बाळांची तांदळाने तुला! आकडा कुणी सांगणार नाही, कुणी विचारणार नाही! पुण्य बाळाचं, तांदूळ आमचे!"

वरच्या गॅलरीतून एक डोकं बाहेर आलं. "शशीभाऊ, मोर्चा कधी हाय?"

"हाच मोर्चा, आजी! नातवाला घेऊन उतरा!"

आल्या. पहिल्यांदा चार, मग दहा, मग जिना अपुरा पडला. मघाशी ज्यांच्या चुलीवर दूध होतं त्यांचं दूध बहुधा उतू जाऊन संपलं होतं. पहिली पुढे झाली ती नलू. "मोठ्या वहिनी, माझ्याला आधी. मघाचं वजन धरू नका." बंड्या पारड्यात बसला आणि दोऱ्या पकडून खदखदून हसला. यशोदाबाईंनी ओंजळीओंजळीने तांदूळ घातले. दांडी सरळ झाली तेव्हा बायकांनी हात जोडले, कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं, आणि दादांनी गंभीर चेहऱ्याने "झालं" म्हटलं. तांदूळ पडद्याआड गेले. आतून जर्ट्रूडचा आवाज नाही. फक्त पेन्सिलीची खरखर.

वाडीतली नऊ झाली. चाळीतली सुरू झाली. एक बाळ पारड्यात झोपलं, एकाने दुपटं ओलं केलं. त्यावर दादांनी समोरचं दुपटंही ओलं करायचा हट्ट धरला, आणि तो त्यांना सोडावा लागला. राजलक्ष्मी आईकडून बाळ घेऊन पारड्यात ठेवत होती, उचलून परत देत होती. इतक्या बाळांचं ऊन ऊन वजन तीन वर्षांत तिच्या हाताला लागलं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण ती हसत होती. शशिकांत पारड्याची दोरी धरून तिच्याकडे बघत होता, हे तिला कळत होतं.

सत्ताविसावी आली ती बकुळा. चाळीच्या तळमजल्यावरची, मालवणकडची. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. यशोदाबाईंनी तांदूळ घालायला सुरुवात केली, आणि बंड्याला लागल्या त्याच्या निम्म्याच ओंजळींत दांडी सरळ झालीसुद्धा.

बकुळा पारड्याकडे बघत राहिली. आकडा कुणी बोललं नाही. पण सगळ्यांची पारडी तिने मघापासून बघितली होती.

"वहिनीनू," ती हळू म्हणाली, "नलूताईंच्या झिलाक केवढे लागले, नि माझ्या चेडवाक इतकेच कित्याक?"

शशिकांतने दोरी सोडली आणि त्या मुलीचा हात आपल्या हातात घेतला. मनगट त्याच्या दोन बोटांत मावत होतं.

"रंजनचे हात असेच झाले होते," तो राजलक्ष्मीला म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "मी बघितले होते गं. बघितले, आणि सभेला गेलो."

राजलक्ष्मीने सगळ्यांसमोर त्याच्या दंडावर हात ठेवला. "आज तुम्ही इथे आहात," ती म्हणाली.

चार वाजता डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा शशिकांतने त्यांना पिशवीही खाली ठेवू दिली नाही. "वही मग बघा, आधी हिला बघा." त्यांनी मुलीला आतल्या खाटेवर नेलं, पोट दाबलं, डोळे पाहिले, आईला बरंच काही विचारलं. बाहेर अंगणात सव्वीस आया जागच्या हलल्या नाहीत.

"मोठा आजार नाही," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "अंगावरचं दूध पुरत नाहीये, आणि वरचं काही सुरूच केलेलं नाही. मऊ भात, केळं, दुधाची पावडर मी देते. अजून दोन महिने गेले असते तर मात्र अवघड होतं." मग त्यांनी जर्ट्रूडची वही उघडली. सत्तावीस नावं. त्यांनी तिवईकडे, केशरी पारड्यांकडे आणि सुपाऱ्यांच्या पुरचुंडीकडे पाहिलं, आणि चष्मा काढून हसू लागल्या. "दर गुरुवारी येते," त्या म्हणाल्या. "असा दवाखाना मी बघितला नव्हता."

अंगणात टाळ्या झाल्या. जर्ट्रूडने अखेर तोंड उघडलं आणि दीड तासाचं सगळं बोलून घेतलं.

"चला, तुला पुरी झाली," मनमोहनदादा म्हणाले. "तिथी आहे तोवर तांदळाचं दान करून टाकू. आणि शशी, तराजू सोडव, रविवारी मास्तरांना लागेल."

"मास्तरांना पेढे हातात देऊ, दादा. तराजू राहू दे इथे. वखारवाल्याशी मी बोलतो."

"पण तुला तर पुरी झाली ना?"

"कुठे झाली?" यशोदाबाई म्हणाल्या. त्यांनी पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली आणि पोतं कचेरीच्या कोपऱ्यात, बापूंच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवलं. "बकुळेच्या लेकीचं पारडं भरलंय कुठे? ती भरल्याशिवाय तुला पुरी नाही. तोवर दान नाही, आणि दान नाही तोवर कुणाच्याच पदरी पुण्य नाही."

"हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"शास्त्र तुम्ही शोधा. तांदूळ माझ्याकडे आहेत. बकुळे, पुढच्या गुरुवारी पहिली तू."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सव्वीस बाळांचं पुण्य एका मुलीपाशी अडकलं होतं. बकुळा लेकीला खांद्यावर घेऊन अंगणातून निघाली, तर चाळीच्या जिन्यापर्यंत पोचायच्या आत तिला तिघींनी गाठलं होतं. एकीच्या हातात केळी होती, दुसरीच्या हातात दुधाचा पेला. आणि मघाशी हनुवटीला हात लावणारी ती म्हातारी विचारत होती, "मऊ भात मी करते गं, पण तुझी पोर तुपाचा खाते की बिनतुपाचा?"